मोटारीचा कर्णा

चिरंजीवांनीं नवी मोटार घेतली, तेव्हां जुनी आमच्या दाराशीं आणून उभी केली. आईला पांचगणीस मावशीकडे न्यावयास उपयोगी पडेल, असें त्यांचें म्हणणें. मोटार उत्तम चाले. मात्र तिचा कर्णा, ज्यास हल्लीं लहानथोर सारे हॉर्न म्हणतात, तो आरंभापासूनच क्षीण. दाबला असतां पिपाणीसारखा 'पीं' असा स्वर निघे. वाईच्या गणपती आळींत लोक स्कूटर समजून स्कूटरपुरतीच वाट देत. आम्हांस त्याचें वैषम्य वाटत नसे. पस्तीस वर्षें मुलांवर ओरडण्यांत गेल्यावर घरांतील एक तरी वस्तु हळू बोलते, हें बरेंच वाटे.

२०२४ च्या श्रावणांत हें मत पालटलें. पसरणी घाटानें वर जात असतां दाट धुकें उतरलें होतें. एका वळणाआधीं आम्हीं रीतसर कर्णा वाजविला; पलीकडून उत्तर आलें नाहीं म्हणून पुढें गेलों, तों एक मालमोटार अगदीं समोर! तिच्या चालकानें ब्रेक करकचून दाबला, आम्हीं चाकें डावीकडे वळविलीं, आणि कडेच्या दगडापासून वीतभर अंतरावर थांबलों. सौभाग्यवतींच्या मांडीवरील पुरणपोळ्यांचा डबा पायाशीं गेला. चालक उतरला तो भांडावयासच, पण आमचे पांढरे केस पाहून एवढेंच म्हणाला, "काका, हॉर्न तरी मारायचा!" आम्हीं मारला होता. त्याला तो ऐकूंच गेला नव्हता.

दुसऱ्या दिवशीं मेस्त्रींकडे गेलों. हे आमचेच जुने विद्यार्थी. संस्कृतांत पस्तिसाच्या वर गुण त्यांस कधीं मिळाले नाहींत. पण त्या दिवशीं शिकविण्याची पाळी त्यांची होती. कर्ण्याच्या पोटांत विद्युच्चुंबक व त्याच्यापुढें पोलादाचा पातळ पडदा असतो. बटण दाबलें कीं चुंबक पडद्यास ओढतो. ओढतांच आंतील संपर्क सुटतो, प्रवाह तुटतो, पडदा मागें जातो आणि संपर्क पुन्हां जुळतो. असें सेकंदास चारपांचशें वेळां घडतें, तोच आवाज. आवाज बसला म्हणजे कर्णाच बिघडला असें नव्हे. पुष्कळदां अर्थिंगची तार गंजलेली असते. म्हणून मेस्त्रींनीं प्रथम बॅटरीपासून थेट तार लावून पाहिली. तरीहि 'पीं'च. रोग कंठांतच होता.

मोठा आवाज आणि खोल आवाज या दोन भिन्न गोष्टी आहेत, हें गाणें ऐकणाऱ्यांस सांगावयास नको. नुसता मोठा केलेला तार स्वर कानास टोंचतो. मंद्राकडे झुकणाऱ्या स्वराच्या लहरी लांब असतात, त्या अडथळ्याभोवतीं अधिक सहज वळतात. शिवाय वाढत्या वयांत कान प्रथम उंच स्वरांसच मुकतो. मेस्त्रींनीं काढलेली जोडी शंखाकृति होती. लांब नळी वेटोळें करून बसविलेली. हवेचा स्तंभ लांब, तितका स्वर खोल. एकाचीं कंपनें सुमारें ४००, दुसऱ्याचीं ५००. चारास पांच, म्हणजे षड्ज आणि शुद्ध गांधार! हें सांगितल्यावर मेस्त्री म्हणाले, "सर, आम्ही फक्त वाजतो कीं नाहीं तें बघतो." भीमाच्या शंखाचें नांव पौण्ड्र होतें, या जोडीस नांव ठेवण्याचा मोह आम्हीं आवरला.

दोहोंस मिळून आठदहा अँपियर लागतात. तेवढा भार बटणाच्या बारीक तारेवर टाकला तर तें जळेल. म्हणून मध्यें रिले बसविला. बटणाचा अल्प प्रवाह रिलेस जागा करतो, आणि रिले बॅटरीचा प्रवाह फ्यूजमधून कर्ण्यांस पोंचवितो. पाणी सांचूं नये म्हणून तोंडें खालीं वळविलीं. शेजारच्या पोरानें गाणें वाजविणारा कर्णा सुचविला होता. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील ११९ वा नियम एकामागून एक निरनिराळे स्वर काढणाऱ्या कर्ण्यास मनाई करतो, आणि तसला नियम नसता तरी आम्हीं तो घेतला नसता.

तिसऱ्या दिवशीं गणपती आळींत, जुन्या संवयीनें, पुढें चालणाऱ्या भाजीवाल्या आजींच्या पाठीशींच बटण दाबलें. पाटी पडली, मेथीच्या जुड्या रस्ताभर पसरल्या, आणि आजी छातीला हात लावून मटकन् खालीं बसल्या. आम्ही धांवलों. समोरच्या घरांतून पाणी आणलें. दहा मिनिटें त्यांच्यानें उठवेना. त्यांचा हात आमच्या हातांत थरथरत होता, आणि आमचाहि स्थिर नव्हता. उठल्यावर म्हणाल्या, "मास्तर, केवढ्यानं वरडलासा!" त्यांचा नातू आमच्या वर्गांत होता, तेंच वाक्य त्यानें घरीं जाऊन पूर्वीं कधीं सांगितलें असेल काय, हें विचारण्याचें धैर्य झालें नाहीं. त्या दिवशीं आमच्या घरीं मेथीच्या बारा जुड्या आल्या.

आळींत आतां आम्ही कांच खालीं करून "आजी, जरा सरकतां का?" असें म्हणतों. उशीर होतो खरा.

पुढच्या महिन्यांत त्याच घाटांतील त्याच वळणाआधीं कर्णा एकदांच, पण लांब वाजविला आणि थांबलों. क्षणभरानें पलीकडून एस. टी.चा 'भों' आला. गाडी हळूहळू वळून पुढें आली. चालकानें हात वर केला आणि निघून गेला.

"आतां डबा मागच्या सीटवर ठेवला तरी चालेल," सौभाग्यवती म्हणाल्या, आणि त्यांनीं तो मांडीवरच धरून ठेवला.