पायऱ्या नसलेला गोलू

चेन्नईतल्या वेस्ट मांबलमचा डिसेंबर मार्गळी या तमिळ महिन्याचा असतो: पहाटेची तिरुप्पावै स्तोत्रं, दारात तांदळाच्या पिठाचं कोलम. अयोध्या मंडपमच्या या परिसरात नाताळ कुठून आला?

मुलांच्या हट्टाने आला. इथलं एक मराठी कुटुंब गेल्या वर्षी सांतोमच्या चर्चमध्ये 'कुडिल' बघायला गेलं. तमिळमध्ये कुडिल म्हणजे झोपडी. गव्हाणीच्या देखाव्यालाही तेच नाव. पेंढा, मातीची मेंढरं, एका उंटाचा कान उडालेला. आजींनी चष्मा सावरला. "अगं, हा तर नवरात्रातल्या बाहुल्यांचा गोलूच की! फक्त पायऱ्या नाहीत."

आजींच्या त्या एका वाक्यावरून आम्हाला या अंकाचा विषय सुचला: नाताळ बघायला सहकुटुंब निघणं. गव्हाणीचा देखावा इटलीतल्या ग्रेचोत १२२३ साली संत फ्रान्सिसने उभा केला, तोही खऱ्या बैल-गाढवासह. अमेरिकेत इंडियानामधल्या सांताक्लॉज नावाच्याच गावात १९४६ साली 'सांताक्लॉज लँड' हे करमणूक उद्यान सुरू झालं. १९८४ मध्ये त्याचं 'हॉलिडे वर्ल्ड' झालं. पाळणे वाढले, सांता जरा मागे सरला.

चेन्नईच्या दमट हवेत मॉलमधला थर्माकोलचा बर्फ पाहिला, की जुन्या वळणाचं काही हवंसं वाटतं. (मुलांना तो बर्फही आवडतो, हे कबूल.) म्हणून या अंकात मॉल नाहीत, आहेत ती हाताने मांडलेली दृश्यं, वसईच्या नाताळच्या गोठ्यांपासून सांतोमपर्यंत, आणि ती बघायला सहकुटुंब निघालेली माणसं.

तुमच्या घरच्यांनी असं काय पाहिलं? जरूर कळवा. कान उडालेल्या उंटांना प्राधान्य.