नकाशावर वाटच नसेल तर?

नंदुरबार : अमेरिकेने मे २००० मध्ये जीपीएस संकेतांतील हेतुपुरस्सर ठेवलेली चूक काढून टाकली, तरी मिळणारे स्थान काही मीटरने हुकतेच. म्हणून संगणकप्रणाली तो बिंदू नकाशावरील जवळच्या रस्त्यावर बसवते. शहरात हे बहुधा निभावते. तळोदा-धडगाव मार्गावरील चांदसैली घाटात मात्र डोंगर संकेत अडवतात. वाहन वरच्या वळणावर की खालच्या, हे ठरवण्यास आधीचे बिंदू आणि दिशाही तपासावी लागते. पाड्याची वाट नकाशात नोंदलेलीच नसेल, तर बिंदू भलत्याच रस्त्याला चिकटतो. रुग्णांना बांबूच्या झोळीतून आणावे लागणाऱ्या अक्कलकुवा, अक्राणी तालुक्यांत ही चूक रुग्णवाहिकेची मोलाची वेळ दवडू शकते. त्यामुळे गणित सुधारण्याआधी पाड्यांच्या वाटा नकाशावर आणणे अगत्याचे आहे.