तार एक, माणसं अनेक

मैत्रिणींनो, १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हा बहुतेक घरांत फोनची तार एकच. मोडेम लावला की फोन अडकला! दूरगावचा सर्व्हर, म्हणजे अहोरात्र चालणारा संगणक, घरून सांभाळणाऱ्यांची तारांबळ उडे. आतल्या खोलीत कुणी रिसीव्हर उचलला, की जोडणी तुटे आणि काम अर्धवट राही.

त्यांच्या सवयी आज वायफायवर हेच काम करणाऱ्या तुम्हालाही उपयोगी आहेत.

१. चित्रांऐवजी अक्षरांतून हुकूम द्या. मंद जोडणीवरही भागतं.

२. लांबलचक काम 'स्क्रीन' या प्रोग्रॅममध्ये सुरू करा. जोडणी तुटली तरी ते सर्व्हरवर चालू राहतं. पुन्हा जोडा नि पुढे न्या.

३. फायरवॉलचे नियम बदलताना, दहा मिनिटांत जुने नियम आपोआप परत येतील अशी सोय आधी करा. नाहीतर चूक झाल्यास आपणच दाराबाहेर!

आणि हो, कामाच्या वेळा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. त्या वेळात भावजींनी सिनेमा लावायचा नाही, हे गोडीत पण स्पष्ट सांगा. पगार सगळ्या घरालाच उपयोगी पडतो ना?