अक्षरे धूसर : दोष डोळ्यांचा की पडद्याचा?

संगणकावरील अक्षरे धूसर दिसू लागली की आपल्या मनात पहिली शंका येते ती मोतीबिंदूची. तत्पूर्वी दिनदर्शिकेचे पान पडद्याशेजारी धरून नेहमीच्या चष्म्याने वाचून पाहा. तेथे अक्षरांच्या कडा रेखीव दिसल्या, तर दोष बहुधा पडद्याच्या मांडणीत आहे.

अक्षरे मोठी दिसावीत म्हणून नातवंडे प्रेमापोटी ‘रिझोल्यूशन’ कमी करून ठेवतात. अक्षरे मोठी होतात खरी, पण फुटतात. कारण सपाट पडद्यावरील ठिपक्यांची संख्या ठरलेली असते, उदाहरणार्थ १९२० × १०८०. विंडोजमध्ये मोकळ्या पडद्यावर माउसचे उजवे बटण दाबून ‘डिस्प्ले सेटिंग्ज’ उघडावे. रिझोल्यूशनमध्ये ‘रेकमेंडेड’ लिहिलेला आकडाच निवडावा. आकार वाढवायचा तो ‘स्केल’ १२५ किंवा १५० टक्के करून. रिझोल्यूशन बदलताना पडदा विचित्र दिसू लागला तरी घाबरू नये. काहीही न दाबता थांबल्यास थोड्याच सेकंदांत पूर्वस्थिती परत येते.

बायफोकल वापरणाऱ्यांनी पडदा जरा खाली घ्यावा. हनुवटी उचलून वाचल्याने मान आखडते.

एवढे करूनही धूसरता राहिली, तर एकेक डोळा झाकून तेच पान पुन्हा वाचा. दोन्ही डोळ्यांच्या दिसण्यात फरक जाणवला, तर नेत्रतज्ज्ञांकडे जाणे लांबवू नका. दृष्टी एकाएकी मंदावली असेल, तर त्याच दिवशी जा.