देवळावरचे अनोळखी पशू

यंदा महाशिवरात्रीचे कीर्तन संपले, आरती झाली, मंडळी प्रसाद घेऊन पांगू लागली, तेव्हा महाविद्यालयात शिकणारा एक मुलगा हातातला मोबाइल पुढे करून म्हणाला, “बुवा, हे पाहा. आठशे वर्षांपूर्वीच्या देवळावर डायनोसॉर! आपल्या पूर्वजांनी तो पाहिला असलाच पाहिजे, नाही का?” चित्र कंबोडियातील ता प्रोह्म या मंदिराच्या भिंतीचे होते. लहानशा वर्तुळात एक स्थूल चतुष्पाद आणि त्याच्या पाठीवर पानांसारख्या आकारांची रांग. मुलाच्या डोळ्यांतला अभिमान मोडवेना, आणि खोटी मानही डोलवता येईना.

ता प्रोह्मविषयी मला आपुलकी आहे ती तेथील संस्कृत शिलालेखामुळे. सातव्या जयवर्म्याने ११८६ साली हे बौद्धस्थान उभारले व आपल्या मातेच्या स्मरणार्थ तेथे प्रज्ञापारमितेची स्थापना केली. या स्थानाच्या सेवेस ३,१४० गावे व ७९,३६५ माणसे लावून दिली होती, नर्तकी ६१५ होत्या, तांदूळ, तीळ, मध किती यावे, हे सारे त्या लेखात श्लोकबद्ध आहे. मधाचाही हिशेब ठेवणाऱ्यांच्या रानात असा अजस्र प्राणी हिंडत असता, तर त्याच्या वैरणीची नोंद करण्यास ते विसरले नसते!

तो प्राणी पृथ्वीवरून नाहीसा होऊन चौदा-पंधरा कोटी वर्षे लोटली. त्याचे मस्तक इवलेसे होते व शेपटीस काटे होते. कोरीव प्राण्याचे डोके मोठे आहे आणि शेपटी काट्यांवाचून आहे. त्याच पट्टीतील इतर वर्तुळांत माकड आहे, हरिण आहे, रेडा आहे. मोकळी जागा पानाफुलांनी भरून काढण्याची ख्मेर शिल्पकाराची रीतच होती. पाठीवरची ‘तकटे’ ही तशीच पाने असावीत आणि प्राणी गेंडा अथवा रानडुक्कर असावा, हे मत मला ग्राह्य वाटते. गेंडा तेथे परका नव्हता. आपल्याकडे अग्निदेव मेंढ्यावर आरूढ होतात. अंगकोर वाटच्या भिंतीवर ते गेंड्यावर बसले आहेत.

परंतु त्या मुलाला एवढे सांगून थांबण्याचा मला अधिकार नव्हता. कारण दगडाच्या तोंडी आपले म्हणणे घालण्याचा अपराध मीही केला आहे, आणि तोही नारदांच्या गादीवर उभा राहून.

आमच्या देवळाच्या बाह्यभिंतीवर हत्तीवर झेप घेतलेला सिंह आहे. ‘हत्ती म्हणजे बौद्धमत, सिंह म्हणजे वैदिक धर्म, हे आपल्या विजयाचे चिन्ह होय,’ असे मी उत्तररंगात कित्येक वर्षे रंगवून सांगत असे. कोणार्कच्या गजसिंहांविषयी वाटाडे जे सांगतात तेच हे. टाळी हमखास पडे. पुढे एका संग्रहालयात पालकालीन बुद्धमूर्ती पाहण्याचा योग आला. भगवान बुद्ध ध्यानस्थ, आणि त्यांच्याच आसनाच्या दोन्ही बाजूंस हत्तीवर उभे ठाकलेले सिंह! बौद्धमताचा पराभव बौद्धांनीच बुद्धाच्या पाठीशी कोरून ठेवला असेल काय? मी तेथे बराच वेळ उभा होतो, आणि शरमेने माझे कान तापले होते.

खरे तर हे मला पोथीतूनच समजावयास हवे होते. सिंहाने विदारलेल्या हत्तीच्या गंडस्थळातून मोती गळतात हा कविसंकेत किती जुना! कुमारसंभवाच्या आरंभी हिमालयातले किरात त्या मोत्यांवरून सिंहाचा माग काढतात. भोजराजाच्या नावे असलेल्या समरांगणसूत्रधारात सोळा प्रकारचे व्याल सांगितले आहेत. कोणी सिंहमुख, कोणी गजमुख, कोणी अश्वमुख, आणि पोपट-कोंबडाही त्यांत आहे. मकराला सोंड हत्तीची, जबडा सुसरीचा. उंबरठ्यावरचे कीर्तिमुख तर शिवाच्या आज्ञेने स्वतःचेच अंग खाऊन नुसते मुख उरलेले. हे पशू अरण्यात शोधावयाचे नाहीत. आपापल्या स्थानी ते शोभेसाठी, बळासाठी, रक्षणासाठी आहेत. त्यांना ना पुरातन प्राणिशास्त्राचे साक्षीदार करावे, ना शेजाऱ्याच्या अपमानाचे. पहिल्याने फार तर आपले हसे होते. दुसऱ्याने, मंडळीत बसलेल्या कोणाचे तरी मन दुखावते. माझ्या त्या टाळ्यांच्या वेळी कोण मुकाट्याने उठून गेले असेल, ते आता मला कळणार नाही.

दुसऱ्या दिवशी पारण्याचे कीर्तन होते. पूर्वरंग संपल्यावर झांजा थांबवून मी भर सभेत सांगितले, “मंडळी, त्या सिंहाविषयी मी आजवर जे सांगत आलो ते चुकीचे होते.” कुजबुज झाली. पुढच्या रांगेतले एक वृद्ध श्रोते म्हणाले, “बुवा, मग आम्ही नातवंडांना काय सांगायचे?” मी म्हटले, “आधी त्यांना तेथे घेऊन जा, त्या सिंहाचे डोळे पाहू द्या. गोष्ट मग सांगू.” तो मोबाइलवाला मुलगा खांबाशी उभा होता. कीर्तन संपल्यावर तो टॉर्च घेऊन देवळामागे गेला आणि थोड्या वेळाने परत येऊन विचारू लागला, “बुवा, सिंहाच्या पंजाखाली हत्तीची सोंड वर का आहे?”