न आलेल्या गिऱ्हाइकाचा रंग

दसरा-दिवाळीच्या तोंडावर रंगाच्या दुकानात अलीकडे एकच मागणी कानावर येते : "न्यूट्रलमधलं काहीतरी दाखवा." दुकानदार सरावलेला असतो. तो शेड कार्ड उघडून राखाडी आणि बेज यांच्या अधल्यामधल्या दहाबारा छटा पुढ्यात ठेवतो. इंटिरियरवाले त्यांना 'ग्रेज' म्हणतात, घरातली थोरली माणसं 'मातकट' म्हणतात आणि रंगारी म्हणतो, "तुम्ही सांगाल तो. दोन हात मारून देतो." पुण्यात बालेवाडीला आणि ठाण्यात घोडबंदर रोडला नव्या इमारतींमधले हॉल पाहावेत, तर बरेचसे याच घराण्यातले. या रंगाला आमची हरकत नाही. नीट निवडला तर तो देखणा दिसतो. हरकत आहे ती तो ज्या कारणासाठी निवडला जातो त्याला.

हे कारण अमेरिकेतून आलं आहे. तिथे घर विकायला काढलं की ते आधी सजवून दाखवण्याची रीत आहे आणि पाहायला येणाऱ्याच्या डोळ्याला भिंतीवर काहीही खुपू नये, हा त्यातला व्यवहार. शेरविन-विल्यम्सचा 'अ‍ॅग्रीएबल ग्रे', बेंजामिन मूरचा 'रेव्हिअर प्युटर' या छटा तिथे घराघरांत पोचल्या, त्यात या व्यवहाराचा वाटा मोठा. तिथल्या विकणाऱ्याला ते शोभतं. आपल्याकडे मात्र वीस वर्षांचं कर्ज काढून टू बीएचके घेतलेलं कुटुंब, अजून गृहप्रवेशाची पूजाही झालेली नसताना, रंग ठरवताना म्हणतं, "उद्या विकायची वेळ आली तर?" हप्ता आपला, भिंत आपली, आणि पसंती मात्र अजून न आलेल्या गिऱ्हाइकाची! खरं तर आपल्याकडचं गिऱ्हाईक आधी कार्पेट एरिया विचारतं, मग पार्किंग, मग पाणी किती वेळ येतं आणि सोसायटीचे कागद साफ आहेत का. भिंतीचा रंग त्याच्या यादीत शेवटी येतो, कारण राहायला येण्याआधी तो रंग काढणारच असतो.

दुसरा गैरसमज 'न्यूट्रल' या आश्वासनात आहे. तटस्थ म्हणून विकला जाणारा हा रंग मुळीच तटस्थ नसतो. दुकानातलं टिंटिंग मशीन चालू असताना जरा वाकून पाहावं. पांढऱ्या बेसच्या डब्यात काळ्याची धार पडते, मागून पिवळ्या ऑक्साइडची, मग तांबड्याचे काही थेंब. गडद निळ्यात एखादा थेंब इकडेतिकडे झाला तर कुणाला कळत नाही. ग्रेजमध्ये मुळात रंगच इतका कमी असतो की एवढ्याशा फरकानेही तो कुठेतरी झुकतो : एक छटा गुलाबीकडे, दुसरी हिरव्याकडे, तिसरी जांभळ्याकडे. बोटभर पट्टीवर हा कल दिसत नाही. दहा बाय बाराच्या खोलीत चारी भिंतींवर चढला की दिसतो आणि मग दिसतच राहतो. म्हणून जाणता रंगारी लागणारे सगळे डबे आधी एकत्र ओतून ढवळून घेतो. पुढे टच-अपसाठी त्याच नंबरचा डबा पुन्हा करून आणला, तर ठिगळ उठून दिसण्याची धास्ती या रंगात जास्त, हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

शेजाराचंही तसंच आहे. मिशेल शेव्हरुल हा फ्रेंच रसायनतज्ज्ञ पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात रंगखात्याचा प्रमुख होता. काळा धागा फिका पडतो अशी तक्रार त्याच्याकडे आली. त्याने तपासलं तर धाग्याचा रंग चोख निघाला. बिघाड होता तो शेजारी विणलेल्या रंगांचा. या अभ्यासावरचा त्याचा ग्रंथ 1839मध्ये निघाला. आपल्या हॉलमध्ये तोच खेळ रोज चालतो. सागवानी पॉलिशच्या दाराशेजारी ग्रेज निळसर, थंड वाटतो. तोच निळ्या सोफ्यामागे गेला की पिवळट वाटू लागतो. समोरच्या इमारतीला तांबडा रंग दिलेला असेल तर दुपारी त्याची झाक आपल्या भिंतीवर येते, आणि खिडकीशी बदामाचं झाड असेल तर हिरवी.

आयत्या सल्ल्यांची गडबड उजेडापाशी होते. परदेशी मासिकं सांगतात, उत्तरेच्या खोलीत ऊन येत नाही, तिथे उबदार छटा घ्या. न्यूयॉर्कला किंवा लंडनला ते ठीक आहे. मुंबई 19 अंशांवर आहे. मे महिन्याच्या मध्याला इथे शून्य सावलीचा दिवस येतो, त्यानंतर जुलै संपत येईपर्यंत भरदुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो. म्हणजे मेअखेरीस उत्तरेच्या खिडकीतही ऊन डोकावतं. लगेच पाऊस सुरू होतो आणि पुढचे चार महिने घरात येतो तो ढगांतून गाळलेला उजेड. बाहेर आषाढाचं आभाळ आणि आत त्याच जातीची भिंत, हे ज्याला सोसेल त्याने जरूर घ्यावं. पण एप्रिलच्या लख्ख सकाळी कार्ड पाहून ते कळत नाही.

शिवाय नोकरदार माणूस आपली भिंत दिवसा पाहतो किती? रात्री आठला घरी येऊन तो ट्यूब लावतो. त्या पांढऱ्या ट्यूबचा उजेड बहुधा 6500 केल्विनचा, निळसर. त्यात ग्रेजमधला बेज मावळतो आणि राखाडी उरतो. 2700 ते 3000 केल्विनचा पिवळसर दिवा लावला की उलट होतं. भिंत तीच, डबा तोच. आणखी एक आकडा पाहून ठेवावा. रंग किती उजेड परतवतो ते शून्य ते शंभर या मापात सांगतात. काळा शून्याजवळ, पांढरा शंभराकडे. मघाच्या 'अ‍ॅग्रीएबल ग्रे'चा आकडा 60 आहे. मोठमोठ्या खिडक्यांच्या घरात तो मऊ दिसतो. दहा फुटांवर शेजारच्या इमारतीची भिंत असलेल्या पहिल्या मजल्यावर तोच भरदिवसा दिवा लावायला लावतो.

आपल्या जुन्या घरांना हा हिशेब माहीत होता. चुना पिवळट दिसू नये म्हणून सफेदी करताना त्यात थोडी नीळ टाकत. कोकणात तांबडी काव भिंतीवर आली ती मातीतूनच, आणि गोव्यात तिच्यातून देवळांच्या भिंतींवरची कावी चित्रकला उभी राहिली. ते रंग सगळ्यांना आवडावेत म्हणून कुणी दिले नव्हते. हाताशी काय आहे, भिंत कशाची आहे, उजेड कसा पडतो, एवढंच पाहिलं जाई. आज मशीनमधून हजारो छटा निघतात आणि त्यांतून आपण नेमकी ती उचलतो जिच्याबद्दल कुणी काही बोलणार नाही.

तेव्हा ग्रेज घ्यायचाच असेल तर कार्डावरून घेऊ नका. दोन फूट बाय दोन फुटांच्या प्लायला प्रायमर लावा आणि नमुन्याच्या डब्यातून दोन हात मारा. कडेने चार बोटं पांढरी पट्टी सोडा, म्हणजे भिंतीचा जुना पिस्ता किंवा गुलाबी डोळ्याला फसवणार नाही. तो तुकडा सकाळी दहाला, दुपारी चारला आणि रात्री आठला प्रत्येक भिंतीला टेकवून पाहा. एकदा फरशीवर ठेवून, एकदा पडद्याला लावून. रात्री पाहताना रोजचेच दिवे लावा, पाहुण्यांसाठीचे नव्हेत. भिंतीला ओल असेल तर आधी ती काढा. ग्रेजखाली ओल लपत नाही, डाग गडद होतो आणि मागाहून पोपडे येतात. पॅसेजमध्ये आणि स्विचबोर्डाभोवती पुसता येणारा रंग घ्या, नाहीतर मॅट फिनिशवर तेलकट बोटं महिन्याभरात उमटतात. आणि घरातल्या सगळ्यांना विचारा. आजीला पिस्ताच हवा असेल तर तिच्या खोलीत पिस्ता द्यायला कुठल्या गृहशास्त्राची आडकाठी आहे?

एवढं करून ग्रेज उतरला, तर तो तुमचा रंग, बिनधास्त मारा. नाही उतरला, तर लिंबाचा पिवळा घ्या, मोरपंखी घ्या, नाहीतर सरळ पांढरा घ्या. पुढे कधी घर विकायची वेळ आलीच, तर पांढऱ्या रंगाचे दोनचार डबे आणि रंगाऱ्याचे काही दिवस पुरतात. तेवढ्यासाठी मधली पंधरा-वीस वर्षं स्वतःच्याच घरात भाडेकरूसारखं, मालकाला काय वाटेल या धाकात राहायची गरज नाही. त्यातून इथे हप्ता भरणारे तुम्ही आहात आणि तो मालक अजून पत्ता विचारायलाही आलेला नाही.