बदलीवाल्याचा डबा

परळच्या आमच्या चाळीत शेजारी एक गिरणी कामगार राहत. साचेखात्यात, बदलीवर. कायम कामगार गैरहजर राहिला तरच त्यांना त्या दिवसाचे काम. भोंगा वाजायच्या आत डबा घेऊन निघायचे, फाटकाशी उभे राहायचे; नाव पुकारले तर ठीक, नाहीतर आठाच्या आत भरल्या डब्यानिशी परत. जिन्यावरच्या पावलांवरूनच वहिनींना कळे. (डब्यातली भाकरी मात्र त्यांनी कधी कमी केली नाही!)

भीतीने माणूस जास्त राबतो, असे मालकांना वाटते. राबतो खरा, पण कसा? शेजारी अंगात ताप असताना साच्यावर उभे राहत, आणि कापडात दोष दिसला तरी जॉबरला सांगत नसत. सांगणाऱ्याचे नाव उद्या पुकारतील याचा काय भरवसा! १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, तेव्हा बदलीवाल्यांना कायम करा, हीही एक मागणी होती.

परवा भाचा आला. वातानुकूलित कचेरी, करार ११ महिन्यांचा.

"मामा, हिशेबात चूक दिसलीय. पण साहेबांना आत्ता कशी सांगू? पुढच्या महिन्यात करार संपतोय."

त्याच्या पिशवीत डबा होता. मी उगीचच उचलून पाहिला. जड लागला.